पोथीखान्याच्या गाठी सुटल्या त्याची हकीकत

श्रीहरीचे चरणी मस्तक, हरिदासाचे चरणी मस्तक, आणि मंडपात मागे बसून डुलकी आली तरी उठून न जाणारे जे श्रोते त्यांचेही चरणी मस्तक ठेवोन ही हकीकत लिहावयास घेतली. टाळ वाजला म्हणजे चित्त ठिकाणी येते आणि चित्त ठिकाणी आले म्हणजे लेखणी सरळ चालते, ऐसा अनुभव आहे. याकरिता आधी मनात टाळ वाजविला, मग शाई कालविली. शके सोळाशे त्रेसष्ट, दुर्मति नाम संवत्सर. संवत्सराचे नाव जरा तैसेच, परंतु त्यात पंचांगकर्त्याचा दोष नाही, आणि आमच्या राज्यातील मंडळींचाही फारसा नाही. राज्याचे नाव सांगावयाचे कारण नाही. एक नदी, नदीकाठी देवाचे देऊळ, देवळासमोर मंडप, मंडपासमोर पोथीखाना, आणि या सर्वांचे धनी महाराज, इतके कळले म्हणजे पुरे.

तर या राज्यास पोथीखान्याचा अभिमान मोठा. थोरल्या महाराजांनी रीत घालून दिली होती की राज्यात जो कोणी पंडित, वैद्य, जोशी, गवंडी, हरिदास, ज्याच्या घरी लिहिलेले चार कागद आहेत, तो निवर्तला म्हणजे त्याचे कागद सरकारातून सन्मानाने आणावे. मग पालखी जाई, आणि पुढे सनई जाई, आणि भालदार ललकारी देत, आणि घरचे लोक सुतकात बसलेले असत आणि दारात मंगलवाद्ये वाजत, आणि कागद पालखीत घालून आणीत, आणि लाल रुमालात बांधून गाठीवर हळदकुंकू वाहून फडताळात ठेवीत. ऐसे रुमाल येत गेले आणि येत गेले, आणि फडताळे भरली, मग कोनाडे भरले, मग माळा भरला, आणि आत गेलेला कागद पुन्हा बाहेर आला ऐसे कोणाच्या पाहण्यात नाही. परराज्याचे वकील आले म्हणजे महाराज त्यांस हाती धरून पोथीखान्यात नेत आणि म्हणत, "पाहा, केवढी विद्या." वकील मान वर करून माळ्यापर्यंत पाहत आणि म्हणत, "केवढी." आत काय आहे ते वकील पुसत नसत, आणि पुसते तर महाराजांस सांगता आले नसते, म्हणोन दोहींकडील अब्रू राहत असे.

पोथीखान्याचे मुख्य हेरंबशास्त्री. मोठे विद्वान, मनाने लोण्यासारखे, कीर्तनात देवाचे नाव निघाले की आधी यांचे डोळे भरून यावयाचे. परंतु नेमाचे कडक. यांणी अधिकारावर येताच नेम केला की जो रुमालाची गाठ सोडील त्याणे आतील ग्रंथाची नोंद पूर्ण करावी, आणि नोंद पूर्ण केल्यावाचून गाठ पुन्हा बांधू नये, आणि एक गाठ सुटली असता दुसरी सोडू नये. नोंद म्हणजे कैशी, तर ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, कर्त्याच्या गुरूचे नाव, आरंभीचा श्लोक, शेवटचा श्लोक, वृत्त, काळ, आणि अठरा विद्यांपैकी विद्या कोणती. ऐसा नेम करून शास्त्रीबुवांनी सुमुहूर्तावर पहिली गाठ सोडिली, तो आत कर्त्याचे नाव निघाले रामकृष्ण. आता रामकृष्ण या राज्यात पुष्कळ होऊन गेले. हा कोणता? शास्त्रीबुवांनी काशीस पत्र पाठविले. काशीहून उत्तर आले, त्यात आणखी एक रामकृष्ण निघाला जो यांस ठाऊकच नव्हता. मग तेही पाहणे आले. येणेप्रमाणे तो रुमाल शास्त्रीबुवांच्या बैठकीवर उघडा तो उघडाच राहिला, आणि त्या दिवशी काळी असलेली शेंडी पांढरी जाहली, आणि बाकीचे रुमाल गाठ मारून आपली पाळी पाहत बसले.

वाचणारे लोक येत नसत ऐसे नाही. एक वैद्य आला आणि म्हणाला, "शास्त्रीबुवा, पूर्वी गंगाधर वैद्य होते, त्यांणी लहान मुलांच्या खोकल्यावर काही लिहिले आहे ऐसे ऐकतो. पाहावयास मिळेल काय?" शास्त्रीबुवा आनंदले. म्हणाले, "मिळेल तर, न मिळावयास काय जाहले? ग्रंथाचे नाव सांगा." वैद्य म्हणाला, "ठाऊक नाही." "बरे, आरंभीचा श्लोक सांगा." "ठाऊक नाही." "शेवटचा तरी." वैद्य म्हणाला, "शास्त्रीबुवा, पहिला आणि शेवटला मला पाठ असता तर मधले मी घरीच जुळविले असते." शास्त्रीबुवा मनापासून हसले, त्यास सुपारी दिली, आणि परत पाठविले. ऐसे पुष्कळ जण सुपारी खाऊन परत गेले.

आता मुख्य गोष्ट. या शहरात धोंडीबुवा म्हणोन हरिदास होते. गळा गोड, स्वभाव गोड, अंगावर सदा बुक्क्याचा वास. यांचे गुरू मोरेश्वरबुवा, आणि तेच यांचे सासरेही. मोरेश्वरबुवांनी उतारवयात नावाड्याचे आख्यान रचावयास घेतले. गोष्ट साधी. एक नावाडी लोकांस नदीपार देवदर्शनास पोहोचवितो, परंतु स्वतः त्यास कधी देवळात जावयास सापडत नाही, कारण एक खेप टाकावी तो अलीकडे दुसरे लोक उभे. आणि शेवटी देवासच दया येते आणि देव देवळातून निघून अलीकडच्या घाटावर येतो. येथवर गुरूंनी जावई धोंडीबुवांस शिकविले. पुढे आजार आला. अंथरुणावर उशी पाठीशी घेऊन शेवट लिहिला, आणि कन्या सगुणाबाई औषध घेऊन आली तिला म्हणाले, "सगुणे, संपले बाई. देव भेटला नावाड्याला. उद्या सांगतो, आज दम नाही." आणि तो उद्या काही आला नाही. दिवस होण्याआधीच सरकारी पालखी दारात. सगुणाबाई पदर डोळ्यांस लावून बसली होती, आणि भालदार ललकारत होते, आणि सनईवाल्याने तर त्या दिवशी विशेष कामगिरी केली ऐसे अजून लोक सांगतात.

तेव्हापासून धोंडीबुवा दर चैत्रात उत्सवाच्या कीर्तनात हे आख्यान लावीत, आणि देवास घाटापर्यंत आणीत, आणि तेथे थांबून "आता आरती करा" म्हणोन झांजा उचलीत. लोक आरती करून प्रसाद घेऊन घरी जात. लोकांस सवय जाहली होती. परंतु सगुणाबाईंस होत नव्हती. घरी आल्यावर ती म्हणे, "अहो, माझ्या बापाचा देव घाटावर उभा ठेवून तुम्ही खिरापत वाटता."

बुवा म्हणत, "मी काय करू? पुढचे मला कोणी सांगितले नाही."

"तुम्ही पुसले का नाही?"

"मी पुसणार होतो दुसऱ्या दिवशी."

ऐशी पुष्कळ वर्षे गेली, आणि बुवांस दम्याने धरले. एक ओळ गावी आणि दोन श्वास घ्यावे ऐसे जाहले. तेव्हा बुवांनी मृदंगवाल्यास सांगितले की येता चैत्र शेवटला, यापुढे उभे राहणे नाही. शिष्य कोणी केला नव्हता. म्हणजे येत्या चैत्रात शेवट सापडला तर आख्यान गायले जाईल, नाही तर देव घाटावर उभा तो कायमचाच, हे सगुणाबाईंस कळले आणि ती चपला घालून पोथीखान्यात गेली.

शास्त्रीबुवांनी मोठ्या आदराने बसविले. म्हणाले, "या वहिनी. तुमच्या वडिलांचे कागद येथे आहेत, निःसंशय आहेत. पालखीबरोबर मीच आलो होतो."

"मग कोठे आहेत?"

शास्त्रीबुवांनी चारी भिंतींकडे हात केला. म्हणाले, "यात."

"गाठी सोडून पाहा की."

"गाठ सोडणे कठीण नाही, वहिनी. परंतु सोडल्यावर नोंद करावी लागते, आणि आधी हे रामकृष्ण उरकले पाहिजेत. थोडके राहिले आहे. काशीहून उत्तर आले की…"

"शास्त्रीबुवा, यांचा दम काशीच्या उत्तराची वाट पाहणार नाही."

हे ऐकोन शास्त्रीबुवांचे डोळे भरले. नेम तर मोडवत नाही, आणि दुःख तर पाहवत नाही. मग यांणी दोन दिवस दार लावून घेतले आणि स्वतः आख्यानाचा शेवट रचून सगुणाबाईंच्या घरी नेऊन दिला. त्यात देव चतुर्भुज प्रगट जाहले, आणि गंधर्व गाऊ लागले, आणि नाव सोन्याची जाहली, आणि नावाड्याने शार्दूलविक्रीडितात देवाची स्तुती केली, आणि देव नावेतून उतरून वैकुंठास गेले. सगुणाबाईंनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "फार सुंदर आहे. तुमची माया दिसते. पण हा नावाडी माझ्या बापाचा नव्हे. याला संस्कृत येते." शास्त्रीबुवा म्हणाले, "हो, तेवढे झाले खरे," आणि कागदाची घडी करून परत कनवटीस लाविली.

मग धोंडीबुवांनी काय केले, तर माघातल्या एकादशीचे कीर्तन होते, महाराज खासा आले होते, आणि हरिदासास गादीसमोर बोलावयाची मोकळीक असतेच, त्याप्रमाणे पूर्वरंगात खोकला आवरीत आवरीत म्हणाले, "मंडळी, एक गाव होते. त्या गावात देव होता, देऊळ होते, दारही होते. परंतु दारावर पुजारी. तो म्हणे, आत जावयाचे तर आधी देवाचे गोत्र सांगा, देवाच्या आजोबांचे नाव सांगा, आणि देवाने कोणते वस्त्र नेसले आहे ते सांगा. भक्त म्हणे, बाबा, तेच पाहावयास तर आलो." लोक हसले, महाराज सर्वांहून मोठ्याने हसले, शास्त्रीबुवाही हसले. मग हसे ओसरू लागले, आणि पहिल्याने महाराजांचे थांबले, आणि त्यांणी मान वळवून समोरच्या पोथीखान्याच्या दाराकडे पाहिले, आणि मग शास्त्रीबुवांकडे पाहिले, आणि शास्त्रीबुवा टाळ नसता टाळ वाजवू लागले.

दुसरे दिवशी दरबार भरला. महाराजांनी पुसले, "आपल्या पोथीखान्यात काय आहे हे वाचणाऱ्यास कळावे, याचा उपाय काय?" कारभारी म्हणाले, रुमाल तोलून वजनाप्रमाणे लावावे, म्हणजे भारी विद्या खाली आणि हलकी विद्या वर राहील. सेनापती म्हणाले, पोथीखान्यास एक दार आहे, दोन करावी. राजजोशी म्हणाले, गाठ न सोडता प्रत्येक रुमालाची कुंडली मांडून आत काय ते सांगता येईल, आणि एक रुमाल मागवून तेथेच मांडिली, आणि म्हणाले, "आत प्रवासाविषयी ग्रंथ आहे, किंवा प्रवासात लिहिलेला आहे, किंवा याचा कर्ता प्रवास करण्याच्या विचारात होता." महाराज म्हणाले, "म्हणजे काही तरी आहे." जोशी म्हणाले, "ते मात्र निश्चित." सर्व दरबाराने माना डोलविल्या. मग महाराजांनी सगुणाबाईंस बोलावून पुसले, "बाई, तुम्हांस काय वाटते? गरज तुमची आहे."

सगुणाबाई म्हणाली, "सरकार, मी नव्या सुनेला माहेरचे गाठोडे आले की सोडून पाहते. वर काय आहे ते पाहते आणि सांगते, तुझे लुगडे आले, तुझे लोणचे आले. तळाशी काय ते तिचे ती पाहील. शास्त्रीबुवांनी वरचे पान पाहावे, दिसेल ते चिठीवर लिहावे, चिठी बाहेर लावावी, गाठ बांधावी. पुढचे आम्ही पाहू."

शास्त्रीबुवा उठून उभे राहिले. म्हणाले, "महाराज, वरचे पान फसवे असते. चिठी चुकेल. आणि चुकलेल्या चिठीवर पोथीखान्याचे नाव असेल. काशीचे पंडित हसतील. माझ्या जन्मात मी चुकलेली नोंद केली नाही."

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही नोंदच केली नाही."

दरबारात कोणी हसले नाही, कारण शास्त्रीबुवा सर्वांस प्रिय होते. महाराजांनाही बोलून गेल्यावर वाईट वाटले आणि म्हणाले, "नेम तुमचा आहे. तुम्ही मोडा म्हणोन मी हुकूम करीत नाही." शास्त्रीबुवा म्हणाले, "हुकूम केला असता तर बरे होते. आता मलाच मोडला पाहिजे." आणि मंडपात जाऊन देवापुढे नाक घासले, आणि घरी जाऊन स्नान केले, आणि पोथीखान्यात येऊन रामकृष्णाचा रुमाल, ज्याची गाठ इतकी वर्षे बांधली नव्हती, तो बांधिला. त्यावर चिठी लाविली. चिठीवर लिहिले, "व्याकरण. कर्ता रामकृष्ण, परंतु कोणता ते ठाऊक नाही." लिहून जाहल्यावर मांडीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले, ऐसे यांणी पुढे स्वतःच सांगितले.

मग शास्त्रीबुवांस गाठी सोडण्याचा नादच लागला. सकाळी बसावे आणि दुपारी पान खावयासही उठू नये. दारावरचा नाईक राणोजी रुमाल काढून देई आणि शिंका देई, आणि शास्त्रीबुवा वरचे पान वाचून चिठी लिहीत. पहिल्याने चिठ्या नीट होत्या, मग घाई होऊ लागली. "औषध, बहुधा घोड्याचे." "भिंत कैशी बांधावी. मधली पाने उंदरांनी वाचली." "ज्योतिष. वर्तविलेला दुष्काळ पडला नाही." "कोणी कोणास रागाने लिहिले आहे. कारण पुढील पानावर असावे." "स्वयंपाक. वाचता वाचता भूक लागली, म्हणोन बांधिले." आणि प्रत्येक चिठीची जोडचिठी करून मंडपात खांबाखांबास दोऱ्या बांधून त्यांवर टांगिली, म्हणजे देवदर्शनास येणाऱ्याने जाता येता वाचावे. ज्यांस वाचता येत नसे त्यांस शास्त्रीबुवा आरतीनंतर उभे राहून वाचून दाखवीत, आणि त्यांचा सूर असा लागे की काही बायका घोड्याच्या औषधासही हात जोडीत.

आणि चिठ्या चुकल्या. चुकल्या म्हणजे पुष्कळ चुकल्या. तो सुपारी खाऊन गेलेला वैद्य आला, घोड्याच्या औषधाचा रुमाल मागून पाहू लागला आणि म्हणाला, "शास्त्रीबुवा, हे घोड्याचे नव्हे. हेच ते मुलांच्या खोकल्याचे. गंगाधर वैद्यांचे अक्षर मोठे होते, इतकेच." शास्त्रीबुवांनी कान धरिला आणि चिठी फिरविली. एक गवंडी आला, भिंतीचा कागद पाहून म्हणाला, ही भिंत नव्हे, हा बांध; आणि उंदरांनी वाचलेली पाने त्याने स्वतःच्या अनुभवाने तोंडी सांगितली, ती शास्त्रीबुवांनी बसून लिहून घेतली. रागाचे पत्र वाचून एक म्हातारे गृहस्थ लाजले, आणि म्हणाले की हे आपणच सासऱ्यांस लिहिले होते, राग पुढे गेला, लग्न जाहले, आणि ती बाई घरी आहे. ऐसे लोक येऊ लागले, आणि चुका काढण्यात लोकांस जो आनंद होतो तो बरोबर वाचण्यात होत नाही, म्हणोन अधिकच येऊ लागले. काशीचे पंडित हसले की नाही ते कळले नाही. त्यांचे पत्र आले तेव्हा शास्त्रीबुवा गवंड्याशी बोलत होते आणि ते फोडावयाचे राहिले.

सगुणाबाई मात्र रोज येई, आणि रोज नव्या चिठ्या पाही, आणि तिच्या बापाचे नाव कोणत्याही चिठीवर नसे. शास्त्रीबुवा ओवी दिसली की उडी मारीत, मग पाहत तो व्रताची कहाणी असे, किंवा जात्यावरची गाणी असत. फाल्गुन गेला. फडताळे जाहली, कोनाडे जाहले, माळा जाहला. शेवटल्या रुमालास चिठी लागली तेव्हा चैत्राचा उत्सव तोंडावर आला होता आणि आख्यान कोठेच नव्हते. शास्त्रीबुवा सगुणाबाईंच्या घरी सांगावयास गेले आणि उंबऱ्यावरच बसले. धोंडीबुवा आतून म्हणाले, "वर या, शास्त्रीबुवा. त्यात काय. आम्ही घाटापर्यंत नेऊ. तेवढे तरी नेऊ." बोलणे इतकेच जाहले, आणि तेवढ्याने यांस दम लागला, आणि सगुणाबाई पाठ चोळीत बसली.

उत्सवाचा दिवस. कीर्तन तिसऱ्या प्रहरानंतर व्हावयाचे. त्याआधी मंडपात बायका फुलांच्या माळा करीत बसल्या होत्या, आणि त्यांणी शास्त्रीबुवांस म्हटले, "आजोबा, चिठ्या वाचा की, हात चालतात." शास्त्रीबुवांचे मन नव्हते, परंतु नाही म्हणावयाची सवयही नव्हती. दोरीजवळ उभे राहून वाचू लागले. "वैद्यक. घशाचा काढा. ज्येष्ठमध मूठभर, लवंगा, खडीसाखर. वैद्य सुंठ घाला म्हणतो, ती घालू नये. वैद्यास गावयाचे नसते." बायका हसल्या. सगुणाबाई झेंडूची माळ करीत होती, तिचा हात थांबला.

"शास्त्रीबुवा, ते पुन्हा वाचा."

त्यांणी पुन्हा वाचिले.

सगुणाबाई म्हणाली, "सुंठीवरून माझे बाबा आणि वैद्य दोन वर्षे बोलत नव्हते. आई मध्ये पडली तेव्हा मिटले."

शास्त्रीबुवांच्या हातातली काठी पडली. म्हणाले, "अहो, मी तो रुमाल वैद्यकात घातला."

"काढा वर असणारच. कीर्तनाला उभे राहण्याआधी घ्यायचा, मग काय तळाशी ठेवतील? आमच्या घरीही वरच असतो." आणि माळ तशीच टाकून उठली. "वैद्यकात कोठे?"

मग शास्त्रीबुवा पुढे आणि सगुणाबाई मागे आणि तिच्यामागे सर्व बायका फुलांसकट, आणि राणोजी शिडी घेऊन, आणि वैद्यकाच्या फडताळातून रुमाल निघाला, आणि गाठ सोडिली, आणि वर काढा, आणि काढ्याखाली नावाडी. सगुणाबाईंनी अक्षर ओळखिले. शेवटचे पान तिने काढिले, परंतु वाचिले नाही. घडी करून पदरात घेतले आणि म्हणाली, "आधी यांनी म्हणावे. मग मी ऐकेन."

तिसऱ्या प्रहरानंतर कीर्तन उभे राहिले. महाराज आले, दरबार आला, वैद्य, गवंडी, रागाचे पत्र लिहिणारे गृहस्थ आणि त्यांची बाई आली. सुंठ न घातलेला काढा घेऊन धोंडीबुवा उभे राहिले. आवाज बारीक होता, परंतु त्या दिवशी मृदंगवाल्याने इतक्या हळू हाताने साथ केली की श्वास घ्यावयास जागा मिळत गेली. नावाडी आला, खेपा जाहल्या, आणि देव देवळातून निघून घाटावर आला. तेथे दर वर्षी झांजा वाजत. लोकांनी सवयीने आरतीचे ताट पुढे सरकविले. बुवांनी हाताने थांबविले, पान डोळ्यांजवळ धरिले, आणि म्हणाले, "आज पुढे जाऊ." आणि वाचीत वाचीत सांगितले की देव येऊन नावेत बसले, आणि नावाडी वल्हे घेऊन पाठमोरा होता, त्याणे पाहिलेच नाही. आणि मग गुरूंची ओवी म्हटली ती ऐशी:

नावाडी म्हणे सरका जरा ।
येऊ द्या मागील लोक सारा ।
देवें धरिला कोपरा ।
नावेचा तो ॥

बुवा दोन श्वास थांबले. मग सांगितले की एक कोळीण टोपली घेऊन बसली, आणि देव सरकले. आणि एक लंगडा बसला, आणि देव आणखी सरकले, आणि नाव पैलतीरी लागली, आणि लोक उतरून दर्शनास धावले, आणि देवळात देव कोठे? तो तर नावेत. आणि नावाडी म्हणाला, बाबा, उतरायचे नाही काय? तेव्हा शेवटची ओवी:

अवघे उतरले पैलतीरीं ।
एकला देव नावेवरी ।
म्हणे चल बापा माघारी ।
लोक उभे ॥

इतकेच होते. पानावर पुढे काही नव्हते. बुवांनी पान उलटून पाहिले, मग देवाकडे पाहिले, आणि आरती म्हणावयाची शुद्ध कोणास राहिली नाही. महाराज डोळे पुसत होते. सगुणाबाई बायकांच्या बाजूस खांबाला टेकून बसली होती, तिने मान हालविली आणि शेजारणीस म्हणाली, "हं. बाबांचेच." आणि मग तोंडावर पदर घेतला आणि बराच वेळ घेऊन बसली. शास्त्रीबुवा रडतच होते, ते महाराजांच्या कानाशी लागून म्हणाले, "महाराज, माझ्या शेवटात देव उतरून गेला होता."

धोंडीबुवा पुन्हा उभे राहिले नाहीत. परंतु आख्यान पोथीखान्यात बसून तिघाचौघांनी उतरून नेले आणि दर चैत्रात कोणी ना कोणी म्हणते.

कीर्तनानंतर दुसरे दिवशी शास्त्रीबुवा तो रुमाल नीट बांधावयास बसले आणि सगुणाबाईंस बोलावून म्हणाले, "वहिनी, आता चिठी बरोबर करू. 'मोरेश्वरबुवाकृत नावाड्याचे आख्यान, संपूर्ण.' काढ्याची चूक काढून टाकतो." सगुणाबाई म्हणाली, "काढू नका. उद्या कोणाचा घसा बसला तर तो आख्यान थोडेच मागणार?" शास्त्रीबुवांनी कलम थांबविले, विचार केला, आणि जुन्या चिठीखालीच एक ओळ वाढविली.

येणेप्रमाणे पोथीखान्याच्या गाठी सुटल्या. सर्व नोंदी अजून पुऱ्या नाहीत, रामकृष्णाचा निर्णय नाही, जोशांच्या कुंडलीचा रुमाल उघडला तो आत रांगोळ्या निघाल्या, आणि चिठ्यांत चुका आहेत. वाचणारे येतात आणि चुका काढतात आणि बसून वाचतात. सुपारी आता वाचून झाल्यावर मिळते. जे ऐकिले ते लिहिले, अधिकउणे असेल ते श्रोत्यांनी फिरवून घ्यावे. आणि ज्या चिठीची ही हकीकत, ती वैद्यकाच्या फडताळात जेथे होती तेथेच आहे, आणि तीवर शास्त्रीबुवांच्या अक्षरात लिहिले आहे: घशाचा काढा. खाली आख्यान आहे, संपूर्ण.